मंडपेश्वराचा मठ आणि कान्हेरीची वाट

१

मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटांत, बोरिवली व दहिसर ह्यांच्या दरम्यान मंडपेश्वराचें लेणें आहे. लेणें शैव असून तें इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचें मानलें जातें. ज्या खडकांत तें कोरलें आहे त्याच खडकाच्या पाठीवर पोर्तुगीज अमदानींतील एका फ्रान्सिस्कन मठाच्या छप्पर गेलेल्या भिंती उभ्या आहेत. खालीं शिवाचें स्थान आणि वर ख्रिस्ती मठ अशी ही मांडणी पाहून जाणाऱ्याच्या मनांत विचार येतोच, आणि तो बहुधा दोहोंपैकीं एका पक्षास मिळतो. एक पक्ष म्हणतो कीं, पाद्र्यांनीं लेणें बाटविलें व मूर्ति फोडल्या, यापलीकडे येथें सांगण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरा म्हणतो कीं, पाद्र्यांनीं भिंती घातल्या म्हणूनच आंतील शिल्प आज पाहावयास मिळतें, सबब त्यांचे उपकारच मानले पाहिजेत.

दोन्ही पक्षांचें लेखन मीं वाचलें होतें. परंतु दोहों पक्षांनीं हें स्थळ एकटेंच पाहिलें आहे. त्या स्थळास येणारी वाट आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकास असलेली कान्हेरी हीं त्यांच्या विचारांत आलेलीं नाहींत. तीं एकत्र पाहावीं ह्या हेतूनें गेल्या माघांत मी रत्नागिरीहून निघालों आणि मंडपेश्वरापासून कान्हेरीपर्यंत पायीं गेलों. सोबत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्या चालण्यांत जें दिसलें आणि त्यावरून जें अनुमान करितां आलें तें वाचकांपुढें ठेवितों. अनुमान थोडक्यांत असें कीं, फ्रान्सिस्कन मठ ही ह्या डोंगरांतील नवी वस्तु नव्हती. भिक्षूंच्या वस्तीची एक फार जुनी रीत येथें होती. जागा, पाणी, उत्पन्न व वाट हीं तिचीं अंगें. मठानें तीं जशींच्या तशीं उचललीं.

२

प्रथम नांवांचा विचार करूं. मंडपेश्वर हा शब्द सुबोध आहे. मंडपांत वास करणारा ईश्वर तो मंडपेश्वर. लेण्याचें मुख्य अंग खांबांचा प्रशस्त मंडप हेंच असल्यामुळें नांव अन्वर्थक आहे. पोर्तुगीजांच्या तोंडीं आणि पुढें इंग्रजांच्या लेखणींत ह्याचीं मोंपेझियर, मोंतपेझिर अशीं रूपें झालीं. आज तेथील ख्रिस्ती वस्तीच्या पत्त्यांत माउंट पॉइन्सूर हें नांव चालतें. त्यावरून कांहीं जण पॉइन्सूर नांवाचा एक डोंगर कल्पितात आणि दक्षिणेकडील पोयसर गांवाशीं त्याचा संबंध जोडतात. माझ्या मतें येथें क्रम उलटा आहे. परक्या कानास 'मंडप' शब्दांतील पहिलें अक्षर आपल्या भाषेंतील 'मोंते' म्हणजे डोंगर ह्या शब्दासारखें लागलें. तें वेगळें काढल्यावर 'पेश्वर' उरलें व त्याचें पेझिर झालें. जवळच पोयसर असल्यामुळें ह्या उरलेल्या तुकड्यास त्या गांवाच्या नांवासारखें रूप येण्यास अडचण पडली नाहीं. तात्पर्य, आधीं डोंगराचें नांव होतें असें नाहीं. शब्दाची चुकीची फोड झाल्यामुळें तें उत्पन्न झालें.

कान्हेरीची गोष्ट निराळी. तेथील संस्कृत लेखांत कृष्णगिरि हें नांव येतें आणि प्राकृत लेखांत कण्हसेल असेंहि रूप आहे. कृष्णाचें कण्ह होणें, दोन स्वरांमधील गकार लोपणें, आणि कण्हइरि ह्यावरून कान्हेरी होणें, हें सर्व प्राकृताच्या नित्य नियमांप्रमाणें झालें आहे. म्हणजे हें नांव कोणीं बाहेरून दिलेलें नसून आसपासच्या लोकांच्या जिभेवर दीड हजारांहून अधिक वर्षें झिजत आलें. लेण्यांतील भिक्षु केव्हांच गेले, परंतु त्या डोंगराकडे जाणारे येणारे लोक कधीं तुटले नाहींत, एवढें ह्या एका शब्दावरून सिद्ध होतें.

३

आतां मठाकडे वळूं. गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्यानें इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत तह करून वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सिस्कन पंथाचे साधु ह्या मुलुखांत आले. त्यांतील अंतोनियो दो पोर्तो हा प्रमुख होता. सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यानें मंडपेश्वराच्या लेण्याचें चर्च केलें आणि खडकाच्या माथ्यावर मठ व विद्यालय स्थापिलें. लेण्यांतील चर्च 'दयेची माता' ह्या नांवानें अर्पण केलेलें होतें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतील मुलांस शिकविण्यासाठीं हें विद्यालय होतें. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव ह्यानें त्याला आश्रय दिला, आणि पूर्वीं देवस्थानाकडे चालत असलेलें उत्पन्न मठाकडे वळविण्यांत आलें.

येथें फ्रान्सिस्कन पंथाविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. इ. स. १२२६ मध्यें निवर्तलेल्या आसिसीच्या संत फ्रान्सिसानें हा पंथ काढला. त्याच्या अनुयायांनीं स्वतःच्या मालकीचें कांहीं ठेवूं नये, भिक्षेवर राहावें व पायीं हिंडावें असा मूळचा दंडक होता. आपल्या भाषेंत त्यांस भिक्षु म्हणण्यास कांहींच हरकत नाहीं. कान्हेरींत राहिलेले बौद्ध हे भिक्षु. त्यांच्यामागून ह्या लेण्यांतून वस्ती करणारे जोगी, ज्यांचा उल्लेख पोर्तुगीज बखरकार वारंवार करितात, तेहि भिक्षेकरीच. धर्म, देव, भाषा ह्यांत ह्या तिघांचें कांहीं जुळत नाहीं. पण पोट भरण्याची रीत एक असल्यामुळें त्यांस लागणारी जागा एकाच प्रकारची होती.

ती कोणती, ह्याचें उत्तर विनयपिटकांत सांपडतें. बिंबिसार राजा बुद्धासाठीं उपवन निवडतांना विचार करितो कीं, जागा गांवापासून फार दूर नसावी, फार जवळहि नसावी. येण्याजाण्यास सोयीची असावी, पण गजबजाटापासून अलग असावी. हा विचार भक्तीचा जितका आहे तितकाच व्यवहाराचाहि आहे. फार दूर गेल्यास भिक्षा मिळत नाहीं. फार जवळ राहिल्यास ध्यान साधत नाहीं. साष्टीच्या नकाशावर हीच कसोटी लावून पाहावी. सोपारें व कल्याण हीं प्राचीन बंदरें, त्यांच्या मधल्या डोंगरांत कान्हेरी, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशीं, खाडीकडील सपाटीवर, मंडपेश्वर. पोर्तोनें स्थळ निवडलें असें म्हणण्यापेक्षां पूर्वींच निवडलेलें स्थळ त्यास मिळालें असें म्हणणें अधिक खरें होईल.

४

लेण्याच्या दर्शनी बाजूस खांबांची ओळ आहे, आंत मोठा मंडप व मागें गाभारा आहे. गाभाऱ्यांतील लिंगाची आज पूजा होते. बाजूच्या एका दालनांत नृत्य करणारा शिव व त्याच्या भोवतालचे देवगण असा देखावा कोरलेला असून तो पुष्कळ ठिकाणीं झिजला असला तरी अद्यापि समजण्याजोगा आहे. उलट एका भिंतीवर पूर्वींचें शिल्प छिलून त्या जागीं मोठा क्रूस कोरलेला दिसतो. क्रूसाच्या कडांशीं जुन्या कामाच्या खुणा राहिल्या आहेत. हीं दोन शिल्पें एकापाठोपाठ पाहिलीं म्हणजे वर सांगितलेल्या दोन पक्षांतील वाद कशावरून उत्पन्न झाला तें कळतें. वादाचा निकाल मात्र तेथें उभे राहून लागत नाहीं. म्हणून आम्ही वाटेस लागलों.

दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूनें डोंगरांतून निघून वायव्येकडे खाडीस मिळते. पूर्वीं ती ह्या लेण्याजवळून वाहत असे. पुढें तिचें पात्र सरकलें. तिच्याच खोऱ्यानें वर जाणें हा मंडपेश्वराहून कान्हेरीच्या डोंगराकडे जाण्याचा स्वाभाविक मार्ग होय. सरळ रेषेनें हें अंतर सुमारें सात किलोमीटर आहे. वळणांनीं चालतांना बरेंच वाढतें. पहिला तिसरा हिस्सा आतां शहरांत गेला. घरांच्या रांगा, रेल्वेचे रूळ व हमरस्ता ओलांडून आपण राष्ट्रीय उद्यानाच्या दारांत येतों. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ह्या नांवानें ओळखलें जाणारें हें रान शंभर चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. आंत बिबळे आहेत, वारल्यांचे पाडे आहेत. वनखात्याच्या परवानगीवांचून आडवाटांनीं जातां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. आम्ही मोकळ्या असलेल्या मार्गानेंच गेलों.

माघाचे दिवस असल्यामुळें सांवरी फुलल्या होत्या, करवंदीच्या जाळ्यांवर धूळ बसली होती आणि नदीच्या पात्रांत डबकीं तेवढीं उरलीं होतीं. वाट बराच वेळ सौम्य चढते. साठी उलटलेल्या माणसालाहि ती जड जात नाहीं. खरा चढ शेवटीं, कान्हेरीच्या पायथ्याशीं लागतो. मध्यंतरीं दोन ठिकाणीं बसून आम्ही चार तासांत पोंचलों. विद्यार्थी एकटा असता तर त्यास अडीच तास पुरले असते. सकाळीं निघून दर्शन, प्रवचन किंवा भिक्षा उरकून संध्याकाळच्या आंत परत येतां येईल, इतकेंच हें अंतर आहे. पाद्री लोक मंडपेश्वरीं राहून कान्हेरीस कां व कसे जात, ह्याचें कोडें चालल्याबरोबर उरत नाहीं. दोन्ही स्थळें एकाच भिक्षाटनाच्या पल्ल्यांत आहेत.

५

कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत. तीं एका ओळींत नसून घळीच्या दोहों अंगांस, डोंगराच्या उतारावर, खालवर पसरलीं आहेत. त्यांस जोडणाऱ्या पायऱ्या खडकांतच खोदलेल्या आहेत, आणि शतकानुशतकें पाय पडून त्यांचे मध्य खोलगट झाले आहेत. लेण्याबाहेर दगडी बांक व जवळ पाण्याचें टांकें अशी रचना पुष्कळ ठिकाणीं आढळते. ह्या टांक्यांस तेथील प्राकृत लेखांत 'पोढि' असा शब्द आहे. कल्याणच्या सामिदत नांवाच्या सोनारानें अशी एक पाण्याची पोढि संघासह दान केल्याचा लेख प्रसिद्ध आहे. सोपारें, नाशिक व चेमुल म्हणजे चौल येथील दात्यांचींहि नांवें येथें आहेत. हे लोक खाड्या ओलांडून व डोंगर चढून येथें आले होते.

पाण्याच्या जोडीस उत्पन्न लागतें. शके ७७५ चा म्हणजे इ. स. ८५३–५४ चा एक लेख अकराव्या लेण्यांत आहे. तेव्हां राष्ट्रकूट अमोघवर्ष सार्वभौम होता आणि कोंकणांत शिलाहार कपर्दी दुसरा त्याचा मांडलिक होता. गौड देशाहून आलेल्या गोमिन् अविघ्नाकर नांवाच्या उपासकानें कृष्णगिरीच्या विहारास शंभर द्रम्मांची अक्षयनीवि करून दिली असें त्यांत लिहिलें आहे. अक्षयनीवि म्हणजे मूळ रक्कम न मोडतां व्याजावर चालावयाची कायम ठेव. भिक्षुसंघास स्वतःची मालमत्ता नको, पण संघ चालला तर पाहिजे, ह्या अडचणींतून हा उपाय निघाला. तिसऱ्या जुआंव राजानें देवस्थानाचें उत्पन्न फ्रान्सिस्कन मठाकडे वळविलें तें ह्याच प्रकारचें कृत्य होय. भिक्षाव्रताचा दंडक असलेल्या तिन्ही पंथांस ह्या एका डोंगराभोवतीं शेवटीं नेमणुकीवर जगावें लागलें.

वाटेनें केवळ भिक्षु व दातेच चालले असेंहि नव्हे. नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लिपींतील लेख आहेत. त्यांचा काळ इ. स. १००९ व १०२१ असा निश्चित झाला आहे. कांहीं पारशी गृहस्थ येथें येऊन आपलीं नांवें, दिवस व महिना कोरून गेले. त्यांस येथें पूजा करावयाची नव्हती; त्यांनीं डोंगर पाहिला आणि तसें लिहून ठेविलें, बस्. मंडपेश्वराचा मठ उभा राहण्यापूर्वीं पांचशें वर्षें ही वाट अन्यधर्मीयांच्या ओळखीची होती.

६

ह्या वाटेवरील पोर्तोची हकीकत दियोगो दो कौतो ह्यानें आपल्या सातव्या दशकांत दिली आहे. कौतो हा गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख आणि पोर्तुगीज आशियाचा इतिहासकार. तो लिहितो कीं, कान्हेरीचें एक भुयार थेट खंबायतेपर्यंत जातें असें लोकांकडून ऐकून पोर्तोनें त्याचा छडा लावण्याचें ठरविलें. सोबत माणसें, शिधा, पाणी, मशालींसाठीं तेल, आणि परत येण्याची खूण म्हणून वाटेंत सोडीत जाण्यासाठीं दोर, असा सरंजाम त्यानें घेतला. सात दिवस आंत चालूनहि अंत लागेना, तेव्हां शिधा संपेल ह्या भीतीनें मंडळी माघारीं आली.

कान्हेरीस असें भुयार नाहीं. मग ही हकीकत सर्वस्वीं टाकून द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. कौतोचा जन्म इ. स. १५४२ चा व तो हिंदुस्थानांत आला इ. स. १५५९ मध्यें. पोर्तोचें कार्य त्यापूर्वींचें. अर्थात् कौतोनें लिहिलें तें मठवासीयांच्या तोंडून ऐकून. सात दिवसांचा आंकडा त्या तोंडातोंडीं वाढला असावा. परंतु भुयाराची कल्पना मुळांत पाद्र्याची नव्हे, ती आपली आहे. कोंकणांत ज्याचें भुयार काशीस किंवा पंढरीस जात नाहीं असें लेणें दाखविणें कठीण! आसपासच्या लोकांनीं आपल्या डोंगराविषयीं जें सांगितलें तें ह्या परक्या माणसानें ऐकलें, खरें मानलें, आणि दोर घेऊन मोजावयास गेला. ज्यांची देवस्थानें तो मोडीत होता त्यांच्याच दंतकथेवर त्याचा विश्वास होता. पाद्री व लोक ह्यांचें बोलणें होत असे, आणि तें डोंगरासंबंधीं होत असे, ही गोष्ट ह्या हकीकतीवरून निश्चित होते.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस ह्या ग्रंथाचा इतिहासहि जाणण्याजोगा आहे. सातव्या दशकाची पहिली प्रत युरोपास जातांना जहाज लुटलें गेल्यामुळें नाहींशी झाली. कौतोनें उतारवयांत तो भाग पुनः लिहिला, आणि तो इ. स. १६१६ त छापून निघाला. त्याच सालीं कौतो वारला. त्यानें पुनः लेखणी उचलली नसती तर पोर्तोची कान्हेरीची फेरी आज आपणांस ह्या रूपांत मिळाली नसती.

त्याच ग्रंथांत घारापुरीच्या लेण्याविषयीं एक गोष्ट आहे, ती मला पोर्तोच्या भुयारापेक्षां अधिक महत्त्वाची वाटते. घारापुरीच्या दारावर अक्षरें कोरलेला एक मोठा दगड होता. पोर्तुगीजांनीं तो काढून राजा तिसरा जुआंव ह्याच्याकडे पाठविला. राजानें तीं अक्षरें वाचणारा पुष्कळ शोधविला. कोणी मिळाला नाहीं. दगड पुढें नाहींसा झाला. घारापुरी कोणीं कोरविली ह्यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे, आणि त्याचा निकाल लावूं शकला असता असा लेख आदरानें उचलून समुद्रापलीकडे नेला गेला. हा दगड कोणीं द्वेषानें फोडला नाहीं. तो अमोल आहे असें समजूनच हलविला. कान्हेरीचे लेख मात्र कोणीं नेले नाहींत. ते खडकांतच होते. पुढें एकोणिसाव्या शतकांत ब्राह्मी वाचणारे निपजले तेव्हां ते जागच्याजागीं सांपडले. सामिदत सोनार, अविघ्नाकर, ते पारशी गृहस्थ, हे सर्व आज बोलतात, ह्याचें कारण एवढेंच.

७

एका पंथाचें वसतिस्थान दुसऱ्यानें घेणें ही साष्टींतीलच विशेष गोष्ट नव्हे, हें दाखविण्यास माझ्या जिल्ह्यांतील एक उदाहरण देतों. दापोली तालुक्यांत कोटजाई नदीच्या कांठीं पन्हाळे काझी येथें एकोणतीस लेण्यांचा समूह आहे. तो विद्वानांच्या नजरेस इ. स. १९७० नंतर आला, आणि म. न. देशपांडे ह्यांचा त्यावरील ग्रंथ इ. स. १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. तीं लेणीं प्रथम बौद्धांचीं. पुढें तेथें वज्रयान आलें, मग शैव व नाथ पंथीयांनीं तीं घेतलीं, आणि चौऱ्याऐंशीं सिद्धांच्या मूर्ति एका लेण्यांत बसविल्या. येथेंहि नदी, तिच्या कांठची वाट, आणि गांवापासून बेताचें अंतर हीं तिन्ही आहेत. धर्म पालटला तरी जागेचे गुण पालटत नाहींत, म्हणून नवा भिक्षु जुन्याच्या घरांत येतो. पन्हाळे काझीस जें नाथांनीं केलें आणि मंडपेश्वरास जें फ्रान्सिस्कनांनीं केलें त्यांत फरक आहे तो जबरदस्तीचा. पोर्तुगीज मठामागें राजसत्तेचें शस्त्र होतें, आणि पूर्वींच्या पूजकांस तेथून जाणें भाग पडलें. हा फरक लहान नाहीं व तो झांकूं नये. परंतु स्थळाच्या निवडीचें कारण तो नव्हे.

आतां प्रारंभींच्या वादाचा निकाल करितां येईल. पाद्र्यांनीं मोडतोड केली, ही गोष्ट भिंतीवरील क्रूसानेंच शाबीत आहे. ती नाकारणें म्हणजे डोळे मिटणें. जें शिल्प चुन्याच्या गिलाव्याखालीं व बांधकामाआड गेलें तें राहिलें, हेंहि खरें. पण झांकण्याचा हेतु रक्षणाचा नसल्यामुळें त्याबद्दल उपकार मानण्याचें प्रयोजन नाहीं. दोन्ही पक्ष हेतूवर भांडतात. तेथील दगड पाहिला तर एवढेंच सांगतां येतें कीं, जें जागेवरून निघालें नाहीं तें पुढील पिढीस वाचावयास मिळालें.

मराठ्यांच्या बाजूसहि हीच कसोटी लाविली पाहिजे. इ. स. १७३७ त ठाणें व साष्टी, आणि इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. त्याबरोबर मंडपेश्वराच्या मठाचें उत्पन्न बंद झालें, मठ ओस पडला व लेण्यांत पुनः शिवाची पूजा सुरू झाली. ह्या मोहिमेंत चर्चांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील व भीमाशंकराची घंटा भाविक अजून वाजवितात. आपणांस त्यांचा अभिमान वाटतो व वाटावा. तथापि घंटा कोणत्या चर्चांतून उतरविली हें उतरविणाऱ्यानें त्याच दिवशीं लिहून ठेविलें असतें तर तिच्यापासून अभिमानाबरोबर इतिहासहि मिळाला असता.

८

हें दुसऱ्यांस सांगण्याचा अधिकार मला किती आहे, हें शेवटीं कबूल केलें पाहिजे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, एका जुन्या घराच्या माळ्यावरून मीं मोडी कागदांचा एक रुमाल आणला. घरच्या मंडळींस त्याचा उपयोग नव्हता. त्यांनीं तो आनंदानें दिला. मी हर्षानें घरीं आलों, कागद झाडले, आणि माझ्याजवळील दुसऱ्या कागदांबरोबर आकाराप्रमाणें लावून ठेविले. कोणत्या गांवच्या कोणत्या घरचे कोणते, हें टिपण्याचें तेव्हां सुचलें नाहीं. लक्षांत राहील असें वाटलें. पुढें वाचूं लागलों तेव्हां त्यांत एका वतनाच्या भांडणाचा चांगला महजर निघाला. साक्षीदारांचीं नांवें आहेत, शिवेच्या खुणा आहेत, ओढा व वडाचें झाड आहे; गांवाचा उल्लेख मात्र जेथें तेथें 'मौजे मजकूर' एवढाच. गांवाचें नांव पहिल्या बंदावर असणार, आणि तो बंद नाहीं. रुमाल बांधलेला तसाच ठेविला असता, किंवा त्यावर घराचें नांव लिहिलें असतें, तर तो मजकूर गांव कोणता हें आज सांगतां आलें असतें. तेव्हांपासून तो कागद माझ्याजवळ सुरक्षित आहे, वाळवीपासून व पाण्यापासून मीं त्यास जपलें आहे, आणि तो निरुपयोगी आहे. घारापुरीचा दगड नेणाऱ्या पोर्तुगीजांस मी ह्यामुळें फार कठोर शब्द लावूं शकत नाहीं.

राजवाड्यांनीं गांवोगांव पायीं हिंडून दप्तरें मिळविलीं हें आपण अभिमानानें सांगतों. त्या हिंडण्याचा एक लाभ असा कीं, कागद कोणत्या वाटेवर, कोणत्या घरीं सांपडला हें पायांनीं पाहिलेलें असतें. म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस माझी विनंती आहे. पोथी, दप्तर, नाणें, मूर्ति, जें कांहीं आणाल त्याच्या आधीं स्थळाची नोंद करा: गांव, घर, कोनाडा, त्याच्यासोबत काय होतें, आणि तेथें जाण्याची वाट कोणती. जी वस्तु जागेवर राहूं शकते ती राहूं द्या व तिचा ठसा आणा. रुमाल सोडण्यापूर्वीं त्यावर चिठी लावा. ह्यास खर्च नाहीं व विद्वत्ताहि लागत नाहीं.

कान्हेरीस, घळीच्या दक्षिणेस, सत्त्याऐंशीं क्रमांकाच्या दीर्घ कपारींत विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष आहेत. तेथें वारलेल्या थेरांचें दहन झाल्यावर त्यांच्या अस्थींवर हे स्तूप रचले. त्यांच्याशीं संबंध असलेले लेख डॉ. शोभना गोखले ह्यांनीं वाचले, व इ. स. १९९१ च्या आपल्या कान्हेरीच्या लेखसंग्रहांत घातले. त्यांत त्या थेरांचीं नांवें मिळालीं. आम्ही परत फिरण्यापूर्वीं तेथें थोडा वेळ बसलों. विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, मंडपेश्वरच्या पाद्र्यांचींहि थडगीं असतीलच कीं?" मीं म्हटलें, "पडक्या मठांतले दगड हलण्यापूर्वीं कोणीतरी त्यांचा नकाशा काढला, तर कळेल." तो स्थापत्याचें काम करितो. येत्या हिंवाळ्यांत, पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढून, मोजणीची साखळी घेऊन येण्याचें त्यानें कबूल केलें आहे. त्या मोजणीचें फळ हातीं येईल तें ह्याच पत्रांतून वाचकांस सादर करूं.

इत्यलम्।